पिवळी जागा

चार शब्द लिहून झाले, चारही खोडून झाले, तरी आई एकातही मावेना. जिज्ञासाने लॅपटॉप जवळजवळ आपटलाच.

वाक्य म्हणाल तर एवढंसं. भावेशने इंग्रजीत लिहिलं होतं, "माय मदर इज अ सिंपल वुमन." झालं! भावेश म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तीन वर्षं मेक्सिकोत नोकरीला, आणि आता तिथल्याच मारिसोलशी लग्न ठरवून बसलेला. मारिसोलच्या आईला स्पॅनिशखेरीज काही कळत नाही, आणि भावेशचं स्पॅनिश अजून कामचलाऊच. म्हणून आज संध्याकाळी साडेसातच्या व्हिडिओ कॉलवर घरच्यांची ओळख करून देणारं त्याचं पत्र जिज्ञासाने स्पॅनिशमध्ये वाचायचं, असं ठरलं होतं. अंबरनाथच्या एका कारखान्यासाठी मशीनची माहितीपुस्तकं ती स्पॅनिशमध्ये करते. घरात विहीर असताना टँकर कोण मागवतं?

मशीन सिंपल असलं की भानगड नसते. मशीन काही रुसत नाही. पण आई? 'सेन्सिया' म्हणावं तर डामडौल नसलेली, एवढंच. 'उमिल्दे'ला गरिबीचा वास. 'इन्हेनुआ' म्हणजे भोळसट. आणि 'सिंप्ले' दिसायला इंग्रजीचा जुळा भाऊ, पण बाईच्या मागे लागला की तिला बिनडोक ठरवून मोकळा.

आणि ही बाई कोण, तर पुतळाबाई धवलारीण! सोनिवलीपासून जांभूळपर्यंत आगऱ्यांच्या कितीतरी घरांत ती आल्याशिवाय हळद लागत नाही. चाळीस वर्षं लग्नाचे धवले गातेय. अक्षराची ओळख नाही, पण शेकडो धवले तोंडपाठ, आणि त्यात दोन्ही घरच्यांची नावं अशी ओवते की रुसलेली मामीसुद्धा हसते. तिचा आवाज चढला की डीजेवाला मुकाट बटण बंद करतो. ही म्हणे सिंपल!

पत्रात बाबांची फॅक्टरीतली नोकरी होती, सोनिवलीचं घर होतं, दारातला आंबासुद्धा होता. धवल्यांचं नाव नव्हतं. जिज्ञासाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते.

"लाज वाटते ना रे तुला आईची?"

"आईनेच सांगितलं, ताई. साधी बाई आहे एवढंच लिही, गाण्याचं काढू नको. शपथ घातली मला."

जिज्ञासा स्वयंपाकघरात गेली. आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"शपथ कशाला घातलीस त्याला?"

आईचा हात थांबला नाही. "नववीन होता त्यो. शालंची पोरं आलती लग्नाला. मी गायला लागली, तशी पोरांनी माजी नक्कल केली. सगली हसली. त्यो जेवला नाय त्या दिशी. मना कायच बोलला नाय, पर तवापासून मांडवान आला नाय. भायेर गाडीजवल उभा रवायचा." तिने भाकरी उलटली. "आता त्याच्या सासरी कशाला? पोराची मान खाली नको जायला. लिही तू, साधी."

जिज्ञासाला रडूच कोसळलं. भाऊ मांडवाबाहेर का थांबतो हे तिने कधी विचारलंच नव्हतं. आईने मात्र एवढी वर्षं, गाता गाता, त्याला तिथे उभं पाहिलं होतं.

मशीनच्या पुस्तकात एखादा शब्द अडला, तर जिज्ञासा अंदाजपंचे काही ठोकून देत नाही. ती जागा पिवळी रंगवून सोडते. ज्याचं मशीन, त्याने सांगावं. आज तिने तेच केलं. भावेशला मात्र आईचं बोलणं जसंच्या तसं लिहून पाठवलं. त्याने वाचलं.

साडेसातला स्क्रीनवर तिघं दिसली. मध्ये भावेश, एकीकडे मारिसोल, दुसरीकडे मोठ्या चांदीच्या डुलांची तिची आई. इकडे पुतळाबाई कोपऱ्यात अंग चोरून बसली. जिज्ञासा वाचू लागली. नोकरी झाली, घर झालं, आंबा झाला. "माझी आई..." म्हणून ती पिवळ्या जागेपाशी थांबली आणि मराठीत म्हणाली, "इथला शब्द तुझा, भावेश."

भावेशने मान खाली घातली. मग तो मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगू लागला, "माझी आई लग्नं गाते. ती गायल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही." मारिसोलच्या आईने डोळे मोठे केले, हात छातीवर ठेवला. भावेश आता मराठीत बोलत होता.

"आई, बाहेर गाडीजवळसुद्धा सगळं ऐकू यायचं गं. पाठ झालेत मला तुझे धवले. चुकलो मी. आता मांडवात यायचंय. गा."

पुतळाबाईने पदराने डोळे पुसले. बराच वेळ पुसत राहिली. जिज्ञासाला वाटलं, आता ही उठून आत जाणार. पण तिने तोच पदर डोक्यावर घेतला, घसा खाकरला आणि कोपऱ्यातून सरकून बरोबर मधोमध येऊन बसली.

"इहीनबायचं नाव काय गो?" तिने मारिसोलच्या आईकडे बघत जिज्ञासाला विचारलं. "धवल्यान घालाया पायजे."