दोन तासांवरचं सासर

“दोन तास म्हणं! कुणाला येड्यात काढता, तात्या?”

सोमनाथनं मोबाइल पोरीच्या, योगिनीच्या, हातात परत दिला. ओझर विमानतळ ते बेंगळुरू, विमानानं दोन तास, असं त्यावर चक्क लिहिलेलं होतं. पण सोमनाथ थोडाच ऐकतो! तो बोटांवर मोजायला लागला.

“आडगावातून ओझरला जा. तिथं दोन तास आधी जाऊन बस. मग उड, मग उतर. मग तिथल्या ट्रॅफिकमधी लटक. झाला का नाय अख्खा दिवस? येवढ्यात माणूस मालेगावला दोनदा जाऊन येतो.”

“पप्पा, मालेगावला जायचंय कुणाला?” योगिनी वैतागली.

वैतागणार नाही तर काय! मुलगा चांदवडचा, स्वराज, नोकरीला बेंगळुरूत. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. पत्रिका जुळलेली. आज संध्याकाळपर्यंत होकार गेला नाही, तर चांदवडची मंडळी उद्या दुसरी मुलगी बघायला जाणार होती. आणि इथं हा बाबा विमानाचा हिशोब मांडून बसला होता.

भिमाजीतात्या मध्यस्थ. सकाळपासून चहा पिऊन पिऊन त्यांचं तोंड कडू झालं होतं. “सोमनाथ, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतो? पोरगी द्यायची नाय, तर तसं तोंडानं सांग.”

“सांगतो ना! एकुलती एक पोर हाय माझी.” सोमनाथचा आवाज चढला आणि लगेच भरूनही आला. नाटक नव्हतं ते. पोरीवर त्याचा लय जीव. “जवळ द्यायची म्हणजे द्यायची. मनात आलं की पोर दारात पाहिजे. सणाला आली पाहिजे, दुखण्या-खुपण्याला आली पाहिजे. इतक्या लांब दिली, तर माहेर तुटेल तिचं!”

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, तू तरी बोल ना गं.”

सुवर्णा खाली बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. लग्नाचं बोलणं पुरुषांनी करायचं आणि बाईनं चहा ठेवायचा, ही या घरची रीत. तिनं हातातली जुडी टाकली आणि उठली.

“तात्या, चांदवडला फोन लावा. होय म्हणून सांगा.”

“अगं, मी नाय म्हणतोय आणि तू...” सोमनाथ उसळला.

“माझं माहेर पिंपळगाव. इथून अर्धा तास. एक दिवसाआड तुम्ही टमाट्याचा टेम्पो घेऊन माझ्या आईच्या दारावरून जाता. मी येते म्हटलं, की टेम्पोत जागा नाय. दिवाळी आली, की माल तोडायचाय. आई आजारी पडली, तर उद्या बघू. तिच्या घरी मी रात्रीची शेवटची कधी राहिले, आठवतं? ही पोर झाली, त्या बाळंतपणात.”

तात्यांनी फोन काढला, पण लावला नाही.

“हिचं बेंगळुरूला तुटेल म्हणता,” सुवर्णा म्हणाली. “माझं कोणत्या विमानानं तुटलं?”