दुसरा कप

"चपला बाहेर काढा, देवघर आहे," प्रमिलाकाकूंनी मागून येणाऱ्या मंडळींना दटावलं आणि समोरच्या फोटोला वाकून नमस्कार केला. फोटोपुढे उदबत्ती, केळी आणि वाफाळत्या चहाचा कप होता.

"काकू, तो देव नाही," टूर मॅनेजर हळूच म्हणाला. व्हिएतनाममधल्या त्या खेड्यात त्यानं सगळ्यांना एका घरी चहाला नेलं होतं. "या आजींचे मिस्टर आहेत. वारून बरीच वर्षं झाली. पण आजी सकाळचा पहिला चहा अजून त्यांनाच देतात. इकडे घरोघरी असंच असतं."

काकू फोटोकडे बघत राहिल्या. हे गेल्यापासून त्यांच्याही हातून रोज दोन कप चहा होत होता. सून दुसरा कप मुकाट्यानं सिंकमध्ये ओतायची. शेवटी मुलानंच टूरचं बुकिंग केलं. म्हणाला, "आई, जरा फिरून ये. डोक्यातून जाईल."

आजी किटली घेऊन समोर आल्या तेव्हा काकूंनी दोन बोटं दाखवली. आजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरा कप भरून शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

हॉटेलच्या नाश्त्याला उचललेल्या साखरेच्या पुड्या काकूंनी पर्समधून काढल्या आणि त्या कपात रिकाम्या केल्या.

"साखर? तुम्ही तर बिनसाखरेचा घेता ना?" ग्रुपमधल्या एक बाई म्हणाल्या.

"ह्यांना गोडच लागायचा. शुगर निघाली आणि मी बंद केला," काकू चहा ढवळत म्हणाल्या. "आता कशाला घाबरायचं."