पदकाची कड

बाबांचं युद्धातलं पदक पारखायला जाणकार यायचे होते, म्हणून मुलाने चार पाहुणेही जमवले होते. बाबांनी एकट्याने शत्रूची चौकी कशी उडवली, हे तो सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होता, आणि दर खेपेला चौकीतले शत्रू वाढत होते. मुलाच्या मनातले बाबा आज संध्याकाळपर्यंत टिकतात की नाही, या धास्तीने आई सारखी दाराकडे बघत होती.

जाणकारांनी भिंगातून पदक उलटसुलट पाहिलं. "पदक अस्सल आहे हो. पण ज्याला मिळालं त्याचं नाव कडेवर कोरलेलं असतं, आणि ही कड तर घासून घासून पार गुळगुळीत झालीय. कोणाचं होतं, ते आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

"आई, अगं काय केलंस हे! बाबांचं नाव पुसलंस तू!"

"चुकलंच रे माझं. मेली सवय घासायची," आई मान खाली घालून म्हणाली.

चाळीस वर्षांनी तिचा जीव भांड्यात पडला: ह्यांनी पत्त्यांच्या डावात ज्याच्याकडून ते पदक जिंकलं, त्या बिचाऱ्याचं नाव एकदाचं गेलं होतं.