काठोकाठ भरलेली बशी

"चाक हललेलं मला कळलं, की तू नापास," कचरू मिस्त्री लेकीला म्हणाले आणि फिरत्या रंगमंचाच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. तोंड रिकाम्या प्रेक्षागृहाकडे. हातात चहाची बशी, काठोकाठ भरलेली. निकिताने त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. चांगला घट्ट बांधला, मागाहून कुरकुर नको.

हिंजवडीची नोकरी सोडून आठ महिने ती या चाकामागे लागली होती. संध्याकाळी पहिला प्रयोग. तिसऱ्या अंकात आई बोलत राहते आणि तिचं घर तिच्यासकट पाठ फिरवतं, तेही इतकं सावकाश की कुणाला पत्ता लागू नये. दिग्दर्शक अनिरुद्धने सरळ सांगून टाकलं होतं, मिस्त्री हो म्हणाले तर चाक फिरेल, नाहीतर अंधार करून सामान हलवू. आठ महिने मग गेले पाण्यात.

आणि मिस्त्री हो म्हणतील याची खात्री कुणालाच नव्हती. खडकीच्या कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म गेलेला, सुट्टीच्या दिवशी नाटकांची चाकं. तीस वर्षं नाटकवाले त्यांच्याच दारात यायचे. पण त्यांचं चाक फिरायला लागलं की असं करकरायचं, की तो आवाज झाकायला विंगेतला गोपाळकृष्ण तबल्यावर तुटून पडायचा. लोक त्यालाच टाळ्या द्यायचे. मिस्त्री त्या टाळ्या ऐकून मान खाली घालायचे. ही सल त्यांनी बोलून कधी दाखवली नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होती.

"कुणी बोलायचं नाही," मिस्त्रींनी बजावलं. "मला आवाज ऐकायचाय."

निकिता त्यांच्या पुढ्यात, चाकावरच उभी राहिली. हातात रिमोट. विंगेत म्हातारा गोपाळकृष्ण सवयीने तबल्याला टेकला होता. अनिरुद्ध पहिल्या रांगेत नखं खात होता. एक मिनिट गेलं. दुसरंही गेलं.

"अगं, मुहूर्त बघतेस का?" मिस्त्री वैतागले. "चहा गार झाला. चालू कर एकदाचं."

"बाबा, रुमाल काढा."

त्यांनी रुमाल वर सरकवला. समोर खुर्च्या नव्हत्या, अनिरुद्धही नव्हता. समोर रंगमंचाची मागची भिंत होती.

बशीतला थेंबही सांडला नव्हता. पोरीचं तोंडावर कौतुक करायची मिस्त्रींना सवय नव्हती. त्यांनी गार चहा एका दमात संपवला, मान ताठ केली आणि विंगेकडे वळून म्हणाले,

"गोपाळकृष्ण, आजपासून हळू वाजव."