सुजीतच्या हस्ते

पूर्वरंग संपला. कीर्तनकार कृष्णाबाईंच्या कपाळी बुक्का लागला, गळ्यात हार पडला. हॉलमध्ये नामाचा गजर अजून घुमत होता, तोवर मंडळाचे अध्यक्ष दत्तप्रसाद साहेब माइकपाशी आले.

"आता आपल्या सोडतीची शिष्यवृत्ती. त्यासाठी सुजीतने स्टेजवर यावं. हो हो, आपला टाळवाला सुजीत!"

स्टेजखाली सतरंजीवर बसलेला सुजीत उठला. टाळ त्याने बसल्या जागी ठेवले. मग पुन्हा वाकून ते पालथे केले, उगाचच.

मागच्या रांगेत अक्रम ताडकन उभा राहिला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये दोघांचे पलंग एकावर एक. अक्रम लखनौकडचा. मराठी त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण सुजीतचं नाव कळलं. त्याने फोन डोक्यावर धरला. बोटिमच्या व्हिडिओ कॉलवर सुजीतची मुलगी वैभवी होती, चिपळूणला, घरी.

"देखो बेटा, पापा को बुलाया! बोला था ना मैंने?"

या सोडतीची कुपनं सुजीतने क्वार्टरभर विकली होती. ज्याचा नंबर लागेल त्याला सोन्याचं नाणं, आणि बाकीचा पैसा मंडळातर्फे एका मुलाच्या कॉलेजला. वेल्डरांनी घेतली, हेल्परांनी घेतली. "वीस दिऱ्हम! पाचशे रुपये, सुजीतभाई! हफ्ते का अंडा गया मेरा," असं कुरकुरत अक्रमनेही घेतली. सोनं कुणालाही लागो, कॉलेज आपल्या वैभवीचं, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. कुपनांचा गठ्ठा हातात देताना साहेबच म्हणाले होते, "हुशार आणि गरजू. तुझ्या मुलीशिवाय कोण आहे रे दुसरं डोळ्यांसमोर?"

सुजीत स्टेजवर गेला. आधी बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. साहेबांनी हातात पाकीट दिलं, ते त्याने डोळे मिटून कपाळाला लावलं.

"अरे, कपाळाला काय लावतोस? द्यायचंय ते."

"कुणाला?"

"ज्याने सगळ्यांत जास्त कुपनं खपवली, त्याच्या हस्ते द्यायची यंदा. मान आहे तुझा." साहेब माइककडे वळले. "तर मंडळी, यंदाचा मानकरी आमचाच वेदांग! चाललाय कॅनडाला. निर्णय कमिटीचा हं, मला त्यांनी मीटिंगच्या बाहेर चहा पीत बसवलं होतं!"

हॉल हसला. टाळ्या पडल्या.

"साहेब," सुजीत हळूच म्हणाला, "वैभवी?"

साहेबांनी माइकवर तळवा ठेवला. "ती तिकडे गावाला शिकते ना रे. बारावी इथल्या शाळेतून झालेली हवी, असं ठरलं."

"माझी पोरगी इथल्या शाळेत कशी असेल, साहेब? माझ्या पगारावर फॅमिली व्हिसा होतो का?"

"सुजीत, खलास. आता नको. बाई थांबल्यात."

पाकीट तिथेच टेकवावं आणि सरळ दाराबाहेर पडावं, असं सुजीतला वाटलं. पण कीर्तन अर्धं टाकून उठू नये. हे त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं आणि त्याने वैभवीला. तिला झोप अनावर झाली तरी तो मांडीवर घेऊन आरतीपर्यंत बसायचा.

वेदांग आला. नवा कुर्ता, केस चापून बसवलेले. "थँक यू, अंकल," म्हणाला आणि मग साहेबांकडे पाहत, "डॅड, व्हेअर डू आय लुक?"

"तिकडे बघ. कॅमेऱ्यात. सुजीत, जरा हस की रे!"

सुजीतने पाकीट पुढे केलं. मान मात्र वर होईना.

कृष्णाबाईंचं लक्ष त्या मानेवर गेलं. त्यांना दोघांचं काय बोलणं झालं ते पेटीच्या सुरात ऐकूच आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बघा हो मायबाप, मघापासून मी काय सांगतेय! हात देता आणि मान खाली. याला म्हणायचं दान!"

हॉल पुन्हा टाळ्यांनी दणाणला. सगळ्यांत मोठ्या टाळ्या मागून आल्या. अक्रम फोन काखेत धरून दोन्ही हातांनी वाजवत होता.

सुजीत खाली उतरून आपल्या जागी बसला. अक्रम रांगा ओलांडत, लोकांचे पाय चुकवत येऊन त्याच्या गळ्यातच पडला.

"मुबारक, हबीबी! क्वार्टर पे मैसेज कर दिया मैंने. सेवइयाँ चढ़ गयीं! अरे, रोता क्यूँ है पगले, खुशी का दिन है. ले, बेटी से बात कर."

स्टेजवर बाईंनी चिपळ्या उचलल्या. उत्तररंग सुरू झाला. बाजूच्या टाळकऱ्याने सुजीतला कोपराने ढोसलं, ठेका धर म्हणून. त्याने एका हाताने टाळ उचलले. दुसऱ्या हातात फोन होता.

पडद्यावर वैभवी देव्हाऱ्यासमोर उभी होती. मागे समई लावलेली. तिच्या हातात वाटी होती.

"बाबा, आवाज काहीच येत नव्हता. पण पाकीट कपाळाला लावलंत ना, ते बघितलं मी. आईने लगेच देवापुढे साखर ठेवली." तिने वाटीतली चिमूट उचलली. "खाऊ ना?"