पाणी चढण्याआधी

गेनबांचं बोट पडद्यापुढं अधांतरीच राहिलं. धरण आलं की गावाचं काय होतं, हे शहरातल्या पोरांना उमजावं म्हणून प्रदर्शनात ही खेळायची गोष्ट ठेवली होती. पडद्यावर त्यांचंच, आता बुडालेलं गाव होतं. देवळापुढचा पार, पारावर वाळत घातलेल्या मिरच्या. खाली दोन बटणं: ‘गाव सोडा’ आणि ‘गावातच राहा’.

तेव्हा असं कुणी विचारलंच नव्हतं. पाणी चढलं, माणसं पांगली. पारावरच्या मंडळींपैकी आता एकटे तेच उरले होते.

“बाबा, काहीतरी दाबा ना,” दालन बंद करायला आलेली मुलगी म्हणाली. “त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.”

“म्हंजे पाणीबी चढत नाय?”

“नाही.”

गेनबांनी हात मागं घेतला, खुर्ची पडद्यावरच्या पाराजवळ ओढली आणि निवांत बसले.