लालासाहेबांचं ऊन

अंगणात शिजवलेली हळद वाळत घालता घालता शालूबाईंच्या कानावर शब्द आला आणि त्या तशाच पिवळ्या हातांनी धावल्या.

लिंबाखालच्या बाजेवरून त्यांचे मालकच बोलले होते. कराडच्या दवाखान्यातून घरी आणल्यापासून लालासाहेबांच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं. उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. बोलतील, पण कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि आज, पंच्याण्णव सालच्या ऐन शिमग्यात, ते चक्क बोलले.

"ऊन," लालासाहेब पुन्हा म्हणाले.

शालूबाईंचे डोळे भरून आले. ऊन म्हणजे काहीतरी ऊनऊन पोटात हवं असणार, म्हणून त्यांनी घाईनं चहा करून आणला. लालासाहेबांनी तोंड फिरवलं. ऊन पाण्यानं अंग पुसायला घेतलं, तर डाव्या हातानं पंचा भिरकावला. मग शालूबाईंना आठवलं, फौजेतनं सुट्टीवर आले की हे लोकरीलाही ऊन म्हणायचे. ट्रंकेच्या तळातला खाकी स्वेटर त्यांनी काढून आणला. भर दुपारी स्वेटर बघून लालासाहेबांनी डोळेच मिटून घेतले.

सून रेश्मा कॉलेजात दोन वर्षं शिकलेली. तिनं सांगितलं की आभाळातलं ऊन आणि गरम या अर्थाचं ऊन, दोन्ही एकाच 'उष्ण' शब्दातून आलेत. मामांना उन्हात बसायचं असेल.

"मूळ एक आसंल गं," शालूबाई म्हणाल्या, "पर ह्यास्नी त्यातलं कुठलं पायजे, ते कसं कळावं?"

तरी दोघींनी मिळून बाज उन्हात ओढली. लालासाहेब असे काही कण्हले, की ती लगेच सावलीत परत न्यावी लागली.

शालूबाई हिरमुसल्या. इतक्या दिवसांनी माणसाला एक शब्द सापडला आणि तोही आपल्याला उमगू नये, हे त्यांना फार लागलं. पण हळद खालीवर करायची राहिली होती. त्या पुन्हा अंगणात जाऊन ओणव्या झाल्या. पदर डोक्यावरून घसरला होता. पाय पोळत होते.

"ऊन." या खेपेला आवाज चढलेला होता.

त्यांनी मान वर केली. मालकांचा डावा हात उचललेला होता, आणि तो सरळ शालूबाईंकडेच रोखलेला होता. मग हात सावकाश खाली आला आणि बाजेची रिकामी कड थोपटू लागला.

शालूबाई अंगणाच्या मधोमध क्षणभर उभ्याच राहिल्या. मग हात झटकत सावलीत आल्या आणि बाजेवर टेकल्या.

"आवं, मला लागतंय म्हनून व्हय?"

लालासाहेबांनी मान डोलावली. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसली.

हळद तशीच राहिली. दोघं बराच वेळ बसून होती. लिंबाची सावली हळूहळू सरकत गेली.

"ऊन," लालासाहेब म्हणाले.

शालूबाईंनी खाली पाहिलं आणि पाय वर ओढून घेतले.